नामदिनाचं आमंत्रण

ओरेहोव्ह दोल गावात नामदिनाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्या संताचं नाव आईबापांनी तुम्हाला ठेवलं, त्या संताच्या दिवशी सकाळी फाटक सताड उघडायचं, टेबल मांडायचं आणि गप्प वाट बघत बसायचं. ज्याला यायचं तो येतो. लग्नाला बोलवा, वाढदिवसाला बोलवा, खुशाल बोलवा! पण नामदिनाला ‘या हं’ म्हणालात की समोरचा विचारणार, “का रे बाबा, बोलावलं नसतंस तर मी आलो नसतो असं वाटलं तुला?” आणि मग तो खरंच येत नाही. ज्याच्या घरी नामदिनाला कुणी फिरकलं नाही, त्याच्याबद्दल गाव वर्षभर कुजबुजतं.

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक असून विसरला तो एकच माणूस, आणि तो नेमका देशाचा उपपंतप्रधान निघाला. आता काय म्हणावं!

रँगेल मुताफोव्ह हा भट्टीवाल्या ग्रोझदानचा एकुलता एक मुलगा. ओढ्याकाठची गावाची सामायिक भट्टी ग्रोझदानच्या ताब्यात. पानगळीला सुरुवात झाली की एकेक घर आपापली आंबलेल्या आलुबुखारांची पिंपं गाडीवर घालून तिथे आणतं आणि आपली वर्षाची रकिया, म्हणजे फळांची दारू, पाळीपाळीनं गाळून घेतं. रकिया थेंबथेंब पडते तोवर माणसं निखाऱ्यात बटाटे भाजत बसतात. गावातली निम्मी लग्नं आणि झाडून सगळी भांडणं तिथेच ठरतात. रँगेलचा नामदिन मुख्य देवदूतांच्या सणाला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे भट्टी ऐन रंगात असताना. त्या दिवशी पाहुणे पुढच्या फाटकानं आत येत आणि ग्रोझदान मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं. बूट बाहेर काढून, धुराचा वास घेऊन, नुसत्या मोज्यांवर तो टेबलाशी यायचा आणि चुलीजवळच्या आपल्या खुर्चीत बसायचा. मुताफोव्हांच्या घरचं माणूस म्हणजे मागच्या दारानं येणारं, हे सगळ्या गावाला माहीत.

पोरगं हुशार होतं. भट्टीवर पाळीवरून दोन घरं हातघाईवर आली, तर दहा वर्षांचा रँगेल मध्ये घुसून विचारायचा, “कुणाची आलुबुखारं आधी आंबट होतील? त्यांना आधी जाऊ द्या.” मोठी माणसं हसत आणि ऐकतही. तेव्हापासून त्याला गावात ‘प्रोफेसर’ म्हणत. पुढे तो राजधानीला, सोफियाला, अर्थशास्त्र शिकायला गेला आणि तिथेच शिकवायला लागला, म्हणजे खरोखरच प्रोफेसर झाला. दातांची डॉक्टर असलेली तिथलीच मुलगी त्यानं केली. तरी दर नोव्हेंबरात आपल्या सणाला तो घरी यायचा.

बँका बुडाल्या त्या हिवाळ्याच्या आधीची गोष्ट. रँगेल सणाला आला होता. टेबलावर बसल्या बसल्या म्हणाला, “बँकेत काही ठेवू नका. काढा आणि काहीही घ्या. खिळे घ्या, मीठ घ्या, पण काहीतरी घ्या.”

“खिळे खायचे की मीठ ठोकायचं?” दोंका काकू म्हणाली. दोंका काकू म्हणजे शेजारीण. तिच्या जिभेला हाड नाही. सगळे खो खो हसले.

एकटा पेन्यो हसला नाही. पेन्यो रँगेलचा बालमित्र, शाळेत एकाच बाकावरचा. त्यानं दुसऱ्या दिवशी होतं नव्हतं ते बँकेतून काढलं आणि छपराची कौलं घेतली. गाडीभर कौलं अंगणात रचून ठेवली. गावानं त्याची यथेच्छ टिंगल केली. मग बँका गेल्या, सकाळी आणलेला पाव दुपारी परवडेना, आणि पेन्यो वसंतात शिडी लावून आपलं छप्पर शाकारत बसला. वरून ओरडायचा, “दोंका काकू, खिळे आहेत का गं थोडे?” त्या दिवसापासून रँगेलला कुणी नाव ठेवलं की पेन्यो बाह्या सरसावायचा.

रँगेल पुढे मोठ्या बँकेत गेला, परदेशात राहिला, केस पांढरे करून परत आला. आणि एके दिवशी नवं सरकार बनवणाऱ्यांचा त्याला फोन आला. राजकारणाशी त्याचा संबंध नव्हता. त्यांना म्हणे तसाच माणूस हवा होता. त्यानं घरी कळवलं.

“कुठलं खातं?” ग्रोझदाननं विचारलं.

“अर्थ. शिवाय उपपंतप्रधान.”

“म्हणजे शिव्या खाणार तू,” म्हातारा म्हणाला. पण त्या दिवशी भट्टीवर जो येईल त्याला त्यानं फुकट पाजली, आणि बायको नेदाला म्हणाला, “पोरगं आपलं आहे गं. आपलं.”

मंत्री झाल्यावरचा पहिला नामदिन. काय सांगावं! पुलापासून गाड्यांची रांग. कधी तोंड न पाहिलेली माणसं टेबलावर बसली. कुणी रस्त्याचा ठेकेदार, कुणी शेजारच्या शहराचा महापौर, प्रत्येकाच्या मनात काहीतरी मागणं. नेदाच्या बशा संपल्या, चीज भरून भाजलेली बनित्सा संपली, म्हातारी रडकुंडीला आली. पेन्यो कोटाखाली बाटली घेऊन फाटकाशी आला, त्यानं डोकावून पाहिलं, तर त्याच्या नेहमीच्या जागी ठेकेदार बसलेला. बाटली कुंपणावर ठेवून तो परत गेला. दोंका काकूही गेली. गाडीत बसताना आईनं सांगितलं तेव्हा रँगेलला हे कळलं. आपली माणसं आपल्या फाटकातून परत जातात? छे!

त्यानं मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी असं होऊ द्यायचं नाही. आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

पुढच्या वर्षी सुरक्षावाले म्हणाले, फाटकातून कोण आत येणार ते आधी कळायला हवं. रँगेल कार्यालयातल्या रोसित्साला म्हणाला, “माझं गाव आधी आत आलं पाहिजे. बाकीचे नंतर. गावातल्या सगळ्यांना कार्डं पाठव.” रोसित्सा सोफियाची, कामाला वाघीण. तिनं जाड, पांढरी, सोनेरी राजचिन्हाची कार्डं छापून घेतली. ‘माननीय उपपंतप्रधान आपणांस सन्मानपूर्वक आमंत्रित करीत आहेत.’ रँगेलनं प्रत्येक कार्डावर स्वतःच्या हातानं सही केली. अंदाजपत्रकाचे दिवस, फोन खांद्याशी धरून सह्या चाललेल्या. मनात मात्र माया होती, हे मी शपथेवर सांगेन. फक्त कार्डावरची नावं त्यानं वाचली नाहीत.

त्याच पानगळीत त्याचा नवा कायदाही आला. गावोगावच्या भट्ट्यांवर कर. भट्टीला सील, नळीला मीटर. मंत्रिमंडळातला एक जण त्याला म्हणाला होता, “तुमचा डोंगराळ भाग वगळू या की, हळूच.” रँगेल म्हणाला, “माझ्या बापाची भट्टी वगळून बाकी देशाला कर लावू? मग मी आरशात कसं बघू?” वगळलं नाही. त्या रात्री झोपही लागली नाही, पण वगळलं नाही.

तर अशी ती पानगळ. आधी मीटर आला, मागून कार्डं आली.

“अगं बाई, मला बोलावलंय!” दोंका काकू कार्ड नाचवत रस्त्यावर आली. “त्याची नाळ कापली तेव्हा कंदील धरून उभी होते मी, आणि आता सन्मानपूर्वक आमंत्रित! मी काय सोफियाहून आले?”

पेन्योनं कार्ड उलटसुलट केलं आणि खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी ते लावून टाकलं.

आणि एक कार्ड मुताफोव्हांच्या घरी आलं. रोसित्सानं गावातलं एकही नाव सोडलं नव्हतं ना! ‘श्री. ग्रोझदान मुताफोव्ह व सौ. नेदा मुताफोव्हा यांस.’ खाली मुलाची सही. बापाला बापाच्याच घरी यायचं आमंत्रण. नेदा म्हणाली, “चूक झाली असेल हो कुणाची तरी.” ग्रोझदाननं कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

सणाच्या दिवशी गावातून कुत्रंही फिरकलं नाही. टेबलावर कोट-टायवाले बसले होते. रँगेल पुन्हा पुन्हा फाटकाकडे बघत होता. दुपारी फाटकातून ग्रोझदान आला. मागच्या दारानं नाही. लग्नातला काळा सूट घालून, टोपी हातात घेऊन, पुढच्या फाटकानं. त्यानं रक्षकाला खिशातलं कार्ड दाखवलं. रक्षक परगावचा, त्यानं नाव वाचलं आणि अदबीनं म्हणाला, “या, काका. आत या.”

“बाबा, हे काय?” रँगेल उठून उभा राहिला.

“नामदिन सुखाचा होवो, यजमान,” ग्रोझदान म्हणाला. चुलीजवळची खुर्ची रिकामी होती. तिकडे त्यानं पाहिलंही नाही. टेबलाच्या पार टोकाला, महापौराच्या पलीकडे टेकला. बनित्साचा एक घास खाल्ला. रकियाचा एक घोट घेतला. रकिया त्याच्याच भट्टीची. भिंतींकडे बघत म्हणाला, “घर छान आहे हो तुमचं.” मग उठला. “येतो. घरी वाट बघत असतील.” आणि फाटकातून बाहेर पडून भट्टीकडे गेला.

कोट-टायवाले पोट धरून हसले. त्यांना वाटलं, म्हातारा मिश्कील आहे. आणि रँगेलही हसला. काय करणार, पंचवीस माणसं बघत होती. ते हसणं त्याला पुढे फार लागलं.

त्यानंतर बापलेकांत बोलणं उरलं ते हवापाण्याचं. रँगेल फोन करायचा, ग्रोझदान “हं” म्हणायचा आणि फोन नेदाकडे द्यायचा. रँगेलला वाटलं, भट्टीचा कर. दुसरं काय असणार? हा पडला अर्थशास्त्री! त्यानं बापाला कर समजावून सांगितला. तिजोरी समजावली, दवाखाने कशावर चालतात ते समजावलं, एकाला सूट दिली की दुसरा कसा मागतो ते समजावलं. पलीकडून “हं”. मग त्यानं आणखी चांगले मुद्दे काढले. पुढच्या नोव्हेंबरात अंदाजपत्रकाचं निमित्त करून तो गावी आलाच नाही. नेदानं तरी फाटक उघडलं, टेबल मांडलं. संध्याकाळी तिनं एकटीनं ते आवरलं. ग्रोझदान दिवसभर भट्टीवर होता.

वसंतात सरकार पडलं. एका मित्रपक्षाला कशाचा तरी राग आला आणि संपलं सगळं. रँगेलनं टेबलाचे खण रिकामे केले, रोसित्साशी हस्तांदोलन केलं आणि बाहेर आला. महिन्याभरात फोन वाजायचा थांबला. ठेकेदारानं रस्त्यात पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याचं रँगेलला वाईट वाटलं नाही, खरंच नाही. पण बाप आपल्याशी नीट बोलत नाही, हे आता दिवसभर डोक्यात राहायला लागलं. आधी निदान ते विसरायला काम होतं. पानगळ लागली तशी बायकोला सांगून तो ओरेहोव्ह दोलला येऊन राहिला.

ग्रोझदान वाईट वागला नाही. “जेवण झालं का, साहेब?” विचारायचा. “थंडी वाढतेय, साहेब, पांघरूण आहे ना?” प्रत्येक ‘साहेब’ रँगेलच्या काळजात जायचा.

एका सकाळी तो आईबरोबर तळघरात हिवाळ्याच्या लोणच्यासाठी कोबीचे गड्डे पिंपात भरत होता. आई मीठ टाकत होती. तो म्हणाला, “आई, तो कर मी लावला नसता तर दुसऱ्या कुणीतरी लावलाच असता. बाबांना हे कसं समजावू?”

नेदा थांबली. “कसला कर?”

“भट्टीचा.”

“तू इतकी पुस्तकं वाचलीस ती डोक्यात गेली की चष्म्यातच अडकली रे?” म्हातारी भडकली. “करावरून तुला शिव्या दिल्या, पोटभर दिल्या, आणि विसरले सगळे! मीटर तर पहिल्याच हिवाळ्यात उंदरांनी खाल्ला. बापाला त्याच्याच घरी यायचं आमंत्रण दिलंस तू! नामदिनाचं! कार्ड छापून!”

“ते कार्यालयानं…”

“सही कुणाची होती?”

रँगेल कोबीचा गड्डा हातात घेऊन पायरीवर बसला. दोन वर्षं तो दवाखाने आणि तिजोरी समजावत होता. अरे देवा! मग म्हणाला, “माफी मागतो. घरोघर जातो, सगळ्यांची मागतो.”

“आणि काय म्हणशील? सणाच्या तोंडावर घरोघर फिरशील, तर लोक म्हणतील, कार्डं संपली वाटतं, आता तोंडानं बोलावतोय.”

“मग करू तरी काय?”

नेदानं मूठभर मीठ टाकलं. “बोलावता येत नाही, हे खरं. पण जाता येतं की नाही? इतक्या वर्षांत तू कुणाच्या नामदिनाला गेलास, सांग बरं? सगळ्यांनी तुझ्याकडे यायचं, आणि तू? परवा संत पेत्काचा सण. पेन्योचं फाटक उघडं असेल.”

पेन्योच्या फाटकाबाहेर रँगेल आला तेव्हा त्याच्या हातात आईनं दिलेली अक्रोडांची पिशवी होती, आणि आधी दोनदा तो फाटकावरून तसाच पुढे निघून गेला होता. संसदेत अविश्वासाच्या ठरावालाही तो असा कचरला नव्हता. वर ती कौलं, आता शेवाळलेली. खिडकीत सोनेरी राजचिन्ह अजून काचेच्या जागी बसलेलं. नामदिनाला आलेल्याला कुणी हाकलत नाही, हे त्याला माहीत होतं. पण माणसं हाकलत नाहीत आणि बसही म्हणत नाहीत, असंही होऊ शकतं की. तो आत गेला.

आतला गलका थांबला. टेबलाभोवती निम्मं गाव, आणि दाराकडे पाठ करून ग्रोझदान. त्याची पाठ हलली नाही.

पेन्यो हळूच उभा राहिला. “तुला कुणी बोलावलं?”

“कुणीच नाही,” रँगेल म्हणाला.

पेन्योनं त्याच्याकडे नीट पाहिलं. “मग उभा काय राहिलास, रँग्या? बस.”

दोंका काकू सरकली. “ये, माझ्याशेजारी ये. सन्मानपूर्वक बस हो!” आणि मग जो हशा पिकला! पुढचा तासभर सगळ्यांनी मिळून त्याला सोलून काढला. मीटरावरून, गाड्यांवरून, टायवरून. एकदा तो कराबद्दल काही सांगायला लागला, तेव्हा पेन्योनं त्याच्या बशीत मांसाचा तुकडा टाकला आणि म्हणाला, “गप. खा.” रँगेल इतक्या सुखानं कित्येक वर्षांत जेवला नव्हता. फक्त ग्रोझदान त्याच्याशी एक अक्षरही बोलला नाही. त्यानं आपला पेला संपवला आणि भट्टी एकटी आहे म्हणून लवकर उठून गेला.

रँगेलचा सण आला. पहाटेपासून नेदा चुलीशी. फाटक सताड उघडं. रँगेल नवा सदरा घालून टेबलाशी बसला. फाटक वाजलं की दचकायचा.

“फाटकाकडे बघू नकोस,” आई ओरडली. “भुकेला वाटतोस.”

पहिला पेन्यो आला, कोटाखाली बाटली घेऊन, आणि आपल्या जुन्या जागी बसला. मग दोंका काकू. मग एकेक करत अख्खी आळी. बाकं कमी पडली, शेजारून आणली. गाणी सुरू झाली. सगळं जसं हवं तसं होतं. फक्त चुलीजवळची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणी बसत नव्हतं, तिच्याबद्दल कुणी बोलतही नव्हतं. ओढ्याकडे भट्टीचा धूर दिसत होता. रँगेलला एकच भीती होती. म्हातारा न आला तर आपण सोसू. पण तो जर फाटकातून आला, काळ्या सुटात, टोपी हातात घेऊन, तर मात्र संपलं.

दुपार कलली. फाटक पुन्हा वाजलं. रँगेलनं मान वर केली. शेजारची कुणी बाई होती, हातात लोणच्याची बरणी. त्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात मागे, स्वयंपाकघरात, दार धाडकन आपटलं. बूट फेकल्याचा आवाज झाला, एक, मग दुसरा. धुराचा वास आला. ग्रोझदान भट्टीवरच्या मळक्या कोटात, नुसत्या मोज्यांवर, आत आला. हातात ताज्या, अजून कोमट रकियाची मोठी बाटली. कुणाला काही न म्हणता तो चुलीजवळच्या आपल्या खुर्चीत बसला, पाय पसरले आणि टेबलावर नजर फिरवली.

“कोबी संपलाय,” तो म्हणाला.

कुणी हललं नाही.

“अरे रँगेल, ऊठ की! लोक आलेत घरी आणि पाहुण्यासारखा काय बसलायस? तळघरातून कोबी आण.”

रँगेल उठला. जिना उतरताना त्याला पायऱ्या दिसत नव्हत्या. आईबरोबर भरलेल्या पिंपावरचं झाकण त्यानं काढलं, थंडगार खारट पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच उभा राहून रडला; साठीला टेकलेला माणूस, हमसून हमसून रडला.

“कोबी पेरायला गेलास काय रे?” वरून म्हाताऱ्याचा आवाज आला.

“आलो, बाबा,” रँगेल म्हणाला, आणि चांगला मोठा गड्डा शोधायला लागला.